इंदूरमधील लहान प्रसूतिगृहासाठी जैववैद्यकीय कचऱ्याचे प्राधिकारपत्र मिळवताना

सप्टेंबर २०२३ मध्ये माझ्या सुनेने मल्हारगंजाजवळचे एक बारा खाटांचे प्रसूतिगृह चालवायला घेतले. तिथल्या ज्येष्ठ डॉक्टरांना वयोमानाने थांबायचे होते आणि वर्षानुवर्षे तिथेच येणाऱ्या घरांना दुसरीकडे पाठवणे त्यांच्या जिवावर आले होते. रुग्ण सून पाहणार आणि कागद मी पाहणार अशी वाटणी घरातच ठरली, कारण माझी सारी नोकरी बँकेत गेली आणि फायलींची मला भीती वाटत नाही. भाडेकरार, वीजजोडणी, अग्निशमनाचा दाखला हे विषय ओळखीचे होते. रुग्णालयातील रक्ताळलेला कापूस, सुया आणि सलाईनच्या नळ्या कुठे जातात आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागते, याबद्दल मात्र माझी पाटी कोरी होती. नियमांचे मजकूर भरपूर सापडले. ते पाळताना प्रत्यक्षात काय घडते हे सांगणारे मराठीत फारसे काही हाती लागले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जुने प्राधिकारपत्र डॉक्टरांच्या नावावर होते. जागा तीच, खाटा तेवढ्याच, परिचारिकाही त्याच असल्या तरी भोगवटादार, म्हणजे रुग्णालयाची जबाबदारी असलेली व्यक्ती, बदलत असल्यामुळे आम्हाला नमुना २ या ठरावीक अर्जामध्ये नव्याने अर्ज करावा लागला. हे प्राधिकारपत्र आणि पाणी व हवा यांच्या प्रदूषणाविषयीच्या दोन कायद्यांखालील संमतीपत्र दोन्ही मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून मिळतात, आणि खाटा असलेल्या रुग्णालयाच्या प्राधिकारपत्राची मुदत संमतीपत्राच्या मुदतीशी जोडलेली असते. राज्याच्या १९७३ च्या उपचर्यागृह कायद्याखालील नोंदणी सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी) कार्यालयात करायला जावे, तर तेथेही हे कागद मागितले जातात. थोडक्यात, कचऱ्याची व्यवस्था दाखवल्याशिवाय प्रसूतिगृहाच्या दाराला नव्या नावाची पाटी लागत नाही.

पहिला पेच लगेच समोर आला. मंडळाला अर्जासोबत सामाईक प्रक्रिया केंद्राशी (अनेक रुग्णालयांचा कचरा गाडीने नेऊन त्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राशी) झालेला करार हवा होता आणि ते केंद्र म्हणत होते की प्राधिकारपत्र आल्याशिवाय नव्या नावाने गाडी सुरू करता येणार नाही. अशा वेळी कोणीही सल्लागाराकडे धाव घेतो, तशी आम्हीही घेतली. त्यांनी सर्व मिळून चाळीस हजार रुपये सांगितले आणि कचऱ्याचे आकडे ‘नेहमीचेच’ टाकू असे आश्वासन दिले. ते ‘नेहमीचे’ आकडे मला पटले नाहीत. आमच्या वकिलांनी सुचवलेला मार्ग अधिक साधा निघाला: हस्तांतराच्या करारातच असे कलम घातले की नव्या नावाचे प्राधिकारपत्र हाती येईपर्यंत जुने डॉक्टरच भोगवटादार राहतील, कचरा त्यांच्याच नावावर जाईल आणि सून त्यांच्याकडे डॉक्टर म्हणून काम करील. प्रक्रिया केंद्राकडून आम्ही नव्या नावाचे तात्पुरते सदस्यत्व प्रमाणपत्र घेतले आणि तेच अर्जाला जोडले. जे कोणी चालू रुग्णालय विकत किंवा भाड्याने घेत आहेत, त्यांनी हे कलम आधी लिहून घ्यावे. नंतर लिहायला बसल्यास दोन्ही बाजू अवघडतात.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी अर्जाचा नमुना छापून टेबलावर ठेवला. त्यात रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश, महिन्याला उपचार घेणाऱ्या रुग्णांची संख्या आणि प्रत्येक रंगाच्या पिशवीत (कोणत्या रंगात काय, ते पुढे येतेच) रोज किती किलो कचरा निघतो हे विचारलेले होते. तेथील सर्वांत जुन्या सिस्टर तो कागद वाचून म्हणाल्या, “काका, आकडे घालायचेच असतील तर आधी काटा आणा. सीझर असलेला दिवस आणि नुसता ओपीडीचा दिवस यांत फार फरक पडतो.” आम्ही सियागंजातून लटकता डिजिटल काटा आणला आणि दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी प्रत्येक पिशवी तोलून वहीत लिहिली. या साऱ्या प्रक्रियेत सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट कोणती असे मला विचारले, तर मी त्या वहीचे नाव घेईन. अर्जातील आकडे, लागणाऱ्या पिशव्यांचा हिशेब, साठवण खोलीचा आकार, तपासणीतील प्रश्नांची उत्तरे आणि पुढे वार्षिक अहवाल हे सर्व त्या वहीतून निघाले.

वहीने आणखी एक गोष्ट उघड केली. पहिल्या काही दिवसांत पिवळ्या पिशवीचे वजन फार येत होते. उघडून पाहायचे नव्हते, म्हणून सिस्टरांनी टाकतानाच लक्ष ठेवले. तेव्हा दिसले की हातमोज्यांची कागदी वेष्टने, चहाचे कप, केळीची साले, नातेवाइकांनी आणलेल्या खिचडीचे उरलेले डबे असे सर्व काही त्यात पडत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयातील सुमारे ८५ टक्के कचरा घरच्या कचऱ्यासारखाच साधा असतो आणि घातक असतो तो उरलेला १५ टक्के. पण एकदा का हे दोन्ही एकत्र झाले की सगळाच घातक मानावा लागतो. खाटांपाशी साध्या कचऱ्याचे वेगळे डबे ठेवल्यावर पिवळ्या पिशवीचे वजन रोज सरासरी अडीच-तीन किलोंवर आले. लाल पिशवी एक किलोच्या आसपास राहिली, पांढऱ्या डब्यात काही ग्रॅम आणि निळ्या खोक्यात इंजेक्शनच्या कुप्या तेवढ्या उरल्या. याचा पैशांत मात्र काही लाभ झाला नाही, कारण प्रक्रिया केंद्र बिल वजनावर न आकारता खाटांवर आकारते. कचरा कमी करणाऱ्याला आणि निष्काळजी असणाऱ्याला सारखाच दर लावणारी ही पद्धत मला आजही अन्यायाची वाटते.

आता रंगांविषयी. १९९८ च्या पहिल्या नियमांत कचऱ्याचे दहा प्रकार होते. २८ मार्च २०१६ रोजी आलेल्या नव्या नियमांनी ते चार रंगांत बसवले. पिवळ्या पिशवीत वार (बाळंतपणानंतर पडणारी अपरा), शरीराचे भाग, रक्ताने माखलेला कापूस, पट्ट्या, पॅड आणि मुदत संपलेली औषधे जातात. लालमध्ये नळ्या, कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, हातमोजे आणि सुई काढलेल्या सिरिंजा टाकायच्या. पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या आणि टोचून फुटणार नाही अशा डब्यात सुया व ब्लेड, आणि निळी खूण असलेल्या खोक्यात काच. हे पाठ करणे सोपे आहे. अडचण इंदूरच्या रहिवाशाला वेगळीच येते. आपल्याकडे महापालिकेच्या गाडीमुळे निळा डबा म्हणजे सुका कचरा हे लहान मुलांनाही ठाऊक आहे. आमच्याकडील एक मावशी रोज निळ्या खोक्यात वर्तमानपत्र आणि औषधांचे कागदी डबे टाकत असत. सिस्टरांनी टोकले तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, “नीली वाली में सूखा ही तो डालते हैं, घर पर भी तो यही करते हैं।” त्यांचे काहीच चुकले नव्हते. आम्ही काचेचे खोके बाळंतिणींच्या खोलीतून काढून इंजेक्शन भरण्याच्या टेबलाखाली नेले, कारण कुपी तिथेच फुटते, आणि त्यावर रंगापेक्षा मोठ्या आकारात फुटलेल्या कुपीचे चित्र चिकटवले. त्यानंतर वर्तमानपत्र त्यात आले नाही.

डबा कुठे ठेवला आहे यावर बहुतेक सर्व गोष्टी अवलंबून असतात, हे मला सुई कापणाऱ्या यंत्राच्या बाबतीत नीट दिसले. ते आधी सिस्टरांच्या खोलीत होते. म्हणजे इंजेक्शन दिल्यावर उघडी सुई हातात धरून दहा-पंधरा पावले चालायचे किंवा तिला पुन्हा टोपण बसवायचे, आणि टोपण बसवताना बोटाला टोचण्याची शक्यता सर्वाधिक. आम्ही ट्रॉलीवरच दुसरे यंत्र बसवले. सुई मुळाशी कापली की ती खालच्या पांढऱ्या डब्यात पडते आणि सिरिंज तशीच लाल पिशवीत जाते. कापलेली सिरिंज पुन्हा कोणी वापरू शकत नाही, हाही त्यामागचा हेतू आहे. गुजरातमधील मोडासा येथे २००९ साली वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे काविळीची जी साथ पसरली, तिची आठवण जुन्या डॉक्टरांनी या निमित्ताने सर्वांना करून दिली.

दिवाळी १२ नोव्हेंबरला होती आणि १७ नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान. त्या काळात कोणत्याही सरकारी कार्यालयात काम हळू चालणार हे गृहीत धरून आम्ही तो वेळ कागद जमवण्यात घालवला. भांडवली गुंतवणुकीवर संमतीचे शुल्क ठरते, म्हणून सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागले. त्यांनी अडीच हजार रुपये घेतले. इमारतीचा नकाशा, पाणी कुठून येते आणि कुठे जाते याचा आराखडा, भाडेकरार, हस्तांतराचा करार, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची नोंद आणि लसीकरणाची नोंद हे सर्व स्कॅन करून ठेवले. धनुर्वात व काविळ बी यांच्या लसी प्रत्येक कर्मचाऱ्याला द्याव्यात असा नियम आहे. तपासले तर परिचारिकांनी त्या घेतलेल्या होत्या, पण झाडणाऱ्या दोघी मावशींना कधीच कोणी विचारले नव्हते, आणि पिशव्या बांधून उचलण्याचे काम त्याच करतात. काविळीच्या लसीच्या तीन मात्रा सहा महिन्यांत पूर्ण होतात, त्यामुळे हे काम अर्ज करण्याच्या कितीतरी आधी सुरू करायला हवे.

याच काळात सामाईक प्रक्रिया केंद्र पाहण्याची परवानगी आम्ही मागितली आणि ती मिळाली. ज्यांना शक्य असेल त्यांनी हे अवश्य करावे, विशेषतः सिस्टरांना बरोबर न्यावे. भट्टीला दोन कक्ष असतात. पहिल्यात साधारण ८०० अंश सेल्सिअसला कचरा जळतो आणि त्यातून निघणारा वायू दुसऱ्या कक्षात १०५० अंशांवर किमान दोन सेकंद ठेवला जातो, कारण तापमान कमी पडले आणि त्यात क्लोरीनयुक्त प्लास्टिक असले तर डायॉक्सिन हे विषारी द्रव्य तयार होते. म्हणूनच पिशव्या क्लोरीनविरहित प्लास्टिकच्याच हव्यात, ही अट आहे. धुराडे तीस मीटर उंच होते. लाल पिशव्या भट्टीत जात नाहीत. त्या वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक होतात, मग त्यांचे तुकडे होतात आणि ते प्लास्टिक पुनर्वापर करणाऱ्यांकडे जाते. आम्ही उभे होतो तेव्हा एका कामगाराने कोण्या रुग्णालयाची लाल पिशवी पसरली, तर सलाईनच्या नळीला तशीच लोंबकळत असलेली सुई बाहेर आली. त्याने ती लांब चिमट्याने अलगद उचलून पांढऱ्या डब्यात टाकली आणि काही न बोलता पुढची पिशवी घेतली. सिस्टर परतीच्या वाटेवर फारसे बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्व परिचारिकांना जमवून तेवढेच दृश्य सांगितले. मी तयार केलेल्या प्रशिक्षणाच्या तक्त्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त झाला.

जुन्या डॉक्टरांनी मला मागच्या अंगणातील विटांचा एक चौकोनी अवशेष दाखवला. नियम येण्यापूर्वी त्यात रॉकेल ओतून सर्व काही जाळले जाई आणि धूर शेजारच्या वाड्यात शिरे. गरीब देशांतील अनेक दवाखान्यांत आजही अशा एककक्षी विटांच्या भट्ट्या किंवा उघडे खड्डे हाच मार्ग आहे, कारण रस्ते, गाड्या आणि मोठे केंद्र यांचा खर्च कोणी उचलत नाही. आपल्या नियमांनी त्याउलट मार्ग धरला: पंचाहत्तर किलोमीटरच्या आत सामाईक केंद्र असेल तर रुग्णालयाने स्वतःचे प्रक्रिया यंत्र उभारायचेच नाही, आणि खोल पुरण्याची मुभा अशा केंद्रापर्यंत पोहोच नसलेल्या ग्रामीण व दुर्गम भागांपुरतीच. लहान रुग्णालयाच्या दृष्टीने मला हे शहाणपणाचे वाटते. बारा खाटांच्या प्रसूतिगृहाने १०५० अंश तापमान सांभाळण्याची अपेक्षा कोणी करू नये.

डिसेंबरच्या मध्यात अर्ज ऑनलाइन भरला. कोणकोणत्या कामांसाठी प्राधिकार हवा, असा एक रकाना त्यात आहे. आम्ही निर्मिती, वर्गीकरण, संकलन आणि साठवण यांवरच खूण केली. वाहतूक आणि प्रक्रिया ही केंद्राची कामे आहेत, त्यांवर उत्साहाने खूण करू नये. फाइलींचा आकार मर्यादित असतो, म्हणून स्कॅन कृष्णधवल आणि कमी रिझोल्यूशनवर करावेत. शुल्क भरल्याची पावती लगेच उतरवून घ्यावी आणि अर्जाचा क्रमांक दारामागे चिकटवून ठेवावा, कारण पुढचे प्रत्येक संभाषण त्या क्रमांकानेच सुरू होते.

जानेवारीत तपासणी झाली. आलेल्या अधिकाऱ्यांनी माझी नीट लावलेली फाइल चाळली, बाजूला ठेवली आणि थेट प्रसूतिकक्षात गेले. त्यांनी साठवण खोलीचे कुलूप, जाळी आणि दारावरील जैवधोक्याचे चिन्ह पाहिले, बारकोड लावलेली एक पिशवी उचलून पाहिली, सांडलेले रक्त पुसण्याचे साहित्य कुठे आहे ते विचारले. मग त्यांनी फरशी पुसणाऱ्या मावशींना हिंदीत विचारले की वापरलेली सिरिंज कुठे टाकता. मावशी म्हणाल्या, “लाल में, पर पहले सुई कटेगी।” अधिकाऱ्यांनी मान हलवून वहीत काहीतरी लिहिले. रक्त सांडल्यावर वापरण्याचे सोडियम हायपोक्लोराइट एक ते दोन टक्क्यांचे असावे लागते. बाजारात ते बहुधा पाच किंवा दहा टक्क्यांचे मिळते आणि उन्हात त्याची शक्ती उतरते. म्हणून गडद कॅनमध्ये ठेवून रोज सकाळी ताजे पातळ करावे. पाच टक्क्यांच्या एका भागात चार भाग पाणी घातले की एक टक्क्याचे होते. हे प्रमाण आम्ही कॅनवरच लिहून ठेवले होते आणि तेही त्यांनी वाचले.

फेब्रुवारीत मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर शंका आली: सांडपाण्याचे काय? खरे सांगायचे तर साऱ्या प्रवासात मला हाच भाग जड गेला, खर्चाने आणि मनानेही. प्रसूतिकक्ष आणि छोट्या प्रयोगशाळेचे पाणी इतर सांडपाण्यात मिसळण्यापूर्वी वेगळे करून निर्जंतुक करावे लागते आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला मर्यादा आहेत: सामू (पीएच) ६.५ ते ९, तरंगते घन पदार्थ लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत, बीओडी ३० व सीओडी २५० (हे दोन्ही पाण्यातील घाण मोजणारे आकडे), तेल व ग्रीस १०. शिवाय त्याच पाण्यात सोडलेल्या माशांपैकी किमान ९० टक्के मासे ९६ तासांनंतर जिवंत राहावे लागतात. जुन्या वाड्यात नळ कुठून कुठे गेले आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. प्लंबरने फरशा उचलून दोन वाटा वेगळ्या केल्या, अंगणात एक छोटी प्रक्रिया टाकी बसवली आणि त्या खटाटोपात दीड लाखाच्या वर रक्कम गेली. त्या दिवसांत रात्री झोप लागत नसे; खाटा कमी कराव्यात का, असाही विचार आम्ही केला. सून म्हणाली, “बाबा, हे पाणी शेवटी कान्ह नदीतच जाणार आहे. पैसे जाऊ द्या.” तिने विषय तेवढ्यावर संपवला. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने नमुना घेतला, अहवालाला आठवड्याहून अधिक काळ लागला आणि आकडे मर्यादेत आले. येथे एक सूचना: टाकी बसवल्याबरोबर नमुना देऊ नये, जीवाणू स्थिरावण्यास काही आठवडे जाऊ द्यावेत. आम्हाला हे टाकीवाल्यानेच सांगितले होते.

मार्चमध्ये मंडळाकडून उत्तराची वाट पाहत असताना रंगपंचमी आली. २०२४ साली ती ३० मार्चला, शनिवारी होती. टोरी कॉर्नर, मल्हारगंज, गोराकुंड ते राजवाडा या भागातून गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, निघते तेव्हा त्या रस्त्यांवर रुग्णवाहिकेलाही वाट मिळणे कठीण असते, आणि कचऱ्याच्या गाडीला रविवारी साप्ताहिक सुट्टी. प्रक्रिया न केलेला वार आणि रक्ताळलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ठेवावाच लागला तर त्याचे कारण मंडळाला कळवावे लागते. आम्ही आठवडाभर आधी केंद्राला ईमेल लिहून शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी अशा दोन जादा फेऱ्या ठरवल्या. जादा पैसे पडले, पण शुक्रवारी रात्री झालेल्या बाळंतपणाचा वार रविवारी सकाळी वेळेत गेला. शनिवारी गेरच्या तोफांतून उडालेला गुलाबी रंग दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचला होता. साठवण खोलीच्या जाळीवर मावशींनी आधीच प्लास्टिक बांधले होते.

वाराविषयी आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे, कारण तो प्रत्येक प्रसूतिगृहात कधी ना कधी घडतो. धार जिल्ह्यातून आलेल्या एका आजीबाईंनी नातीच्या जन्मानंतर सिस्टरांकडे वार मागितला. त्यांच्या घरी तो अंगणात पुरण्याची चाल होती. नियमांनुसार तो पिवळ्या पिशवीतूनच जायला हवा. सिस्टरांनी त्यांना बाजूला बसवून समजावले की आता वार रुग्णालयाच्या बाहेर देता येत नाही, तो कचऱ्यात फेकला जात नाही आणि दुसऱ्या कोणाच्या हातीही लागत नाही. आजीबाईंना मुख्य भीती तीच होती की वार कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागेल. पिशवी बांधून, बारकोड लावून कुलूपबंद खोलीत ठेवताना सिस्टरांनी त्यांना दारातून पाहू दिले. आजीबाई हात जोडून परत गेल्या.

एप्रिलमध्ये एका तरुण परिचारिकेला ट्रे आवरताना सुई टोचली. जखम दाबून रक्त न काढता साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, हे तिला माहीत होते. एचआयव्हीविरोधी औषध शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू करायचे असते, म्हणून तिला लगेच एम.वाय. या सरकारी रुग्णालयातील एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरील उपचारांच्या केंद्रात) नेले. रुग्णाची तपासणी निर्दोष आली, तिची काविळीची लस पूर्ण होती, त्यामुळे सर्व निभावले. तरी तो आठवडा तिच्या घरच्यांसाठी वाईट गेला. या केंद्राचा पत्ता आणि वेळा सिस्टरांच्या टेबलावर लिहून ठेवाव्यात. रात्री अकरा वाजता कोणाला शोधायला सुचत नाही.

लोकसभेची आचारसंहिता मार्चच्या मध्यात लागली होती आणि इंदूरचे मतदान १३ मेला झाले. मतदानानंतर काही दिवसांनी पोर्टलवर संमतीपत्र आणि त्यापाठोपाठ प्राधिकारपत्र आले. आनंदापेक्षा थकवाच अधिक जाणवला. ते हाती आल्यावर नाव, खाटांची संख्या, अक्षांश-रेखांश आणि मुदत ताडून पाहावी आणि मागील पानावरील अटी पूर्ण वाचाव्यात, कारण पुढची तपासणी त्या अटींवरच होते. अटी मोडल्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्राने पर्यावरणीय भरपाई लागते आणि रुग्णालयासाठी ती दिवसाला १२०० रुपयांपेक्षा कमी नसते. त्याच आठवड्यात प्रक्रिया केंद्राशी नव्या नावाने कायमचा करार केला. २०२४ साली आमच्या बारा खाटांचे मासिक बिल दोन ते अडीच हजारांच्या दरम्यान येत होते. बारकोडची लेबले वेगळी घ्यावी लागतात, आणि जुलै २०२२ पासून या सेवेवर आलेला १२ टक्के जीएसटी तेव्हा वर पडत होता. रुग्णसेवा करमुक्त असल्यामुळे तो कर कुठे वळता करून घेता येत नाही. डबे, ट्रॉली, काटा आणि सुई कापणारी यंत्रे यांवर वीस हजारांच्या आत खर्च झाला.

शेवटचे काम वार्षिक अहवालाचे होते. मागील जानेवारी ते डिसेंबरचा अहवाल नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत द्यायचा असतो. २०२३ चा अहवाल जुन्या डॉक्टरांच्या नावानेच गेला आणि त्यावर त्यांनी आपली शेवटची सही केली. हस्तांतर करताना मागील पाच वर्षांच्या नोंदवह्या मोजून ताब्यात घ्याव्यात, कारण तेवढ्या काळाच्या नोंदी दाखवाव्या लागतात. अहवाल रुग्णालयाच्या संकेतस्थळावरही ठेवायचा असतो. आमच्याकडे संकेतस्थळच नव्हते, तेव्हा पुतण्याने एक साधे पान बनवून दिले. एप्रिलच्या त्या टोचलेल्या सुईची नोंद २०२४ च्या अहवालातील अपघातांच्या रकान्यासाठी वेगळी काढून ठेवली आहे. मावशींच्या काविळीच्या लसीची तिसरी मात्राही जूनमध्येच पूर्ण झाली आणि त्यांची कार्डे आता परिचारिकांच्या कार्डांच्याच फाइलमध्ये आहेत.